सहलीला जाताना पाण्याचा हिशेब

(आकाशवाणीच्या नव्हे, आपल्या गावच्या सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, वाचनासाठी)



मार्च सरत आला. पोरांच्या परीक्षा आटोपल्या की गटागटांत एकच विषय निघतो. औंदा सहल कुठं न्यायची? कोणी म्हणतं गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय पाहू. २६ जानेवारी २०२१ ला तिथली सफारी सुरू झाली, तेव्हापासून पोरं मागे लागली आहेत. कोणी म्हणतं अमरावती रोडवर बाजारगावकडे वॉटर पार्क आहे, तिथं पाण्यात खेळू. एखाद्या गटानं चांगले पैसे साठवले असले तर खोपोलीच्या इमॅजिकापर्यंतही गोष्ट जाते. जायलाच पाहिजे. वर्षभर चूल, शेत, कंपनीची पाळी आणि गटाचे हप्ते सांभाळणाऱ्या बाईला एक दिवस पाळण्यात बसून ओरडायचा हक्क आहे.

पण सहलीचा हिशेब मांडताना आपण गाडीभाडं लिहितो, तिकीट लिहितो, नाश्ता लिहितो. पाणी लिहीत नाही. पाण्याचा काय हिशेब, असं वाटतं. आणि मग दिवसभरात सगळ्यात जास्त चटका पाण्याचाच बसतो, खिशालाही आणि अंगालाही. म्हणून आज आम्ही पाण्याचाच हिशेब मांडणार आहोत.

बाया सहलीत पाणी का पीत नाहीत?

आमच्या गटांच्या बैठकीत आम्ही हा प्रश्न विचारला. पहिलं उत्तर आलं, "आत बाटली महाग मिळते." खरं आहे. पोराला घेऊन देतो, नवऱ्याला देतो, आपण म्हणतो मला तहान नाही. दुसरं उत्तर जरा वेळानं आलं, हळू आवाजात आलं. "पाणी पेलं की जावं लागते. अन् जायला जागा कुठं असते?"

मैत्रिणींनो, खरं कारण हे दुसरं आहे. घरातून निघायच्या आधीपासूनच कितीतरी बाया पाणी कमी करतात. पाळी चालू असली तर आणखीनच. गाडीत बसलेल्या चाळीस जणांसमोर "गाडी थांबवा" म्हणायची लाज वाटते. म्हणून घसा कोरडा ठेवून आपण दिवस काढतो. मुंबईत २०११ पासून काही संघटनांनी 'राईट टू पी' नावाची चळवळ चालवली ती याच दुखण्यावर. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईकडून मात्र पैसे, हे का, असा त्यांचा साधा प्रश्न होता. म्हणजे शहरातल्या बाईचंही दुखणं तेच आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण याची किंमत अंग मोजतं. बाईचा मूत्रमार्ग पुरुषापेक्षा आखूड असतो. त्यामुळे जंतू लवकर वर चढतात. पाणी कमी पिऊन लघवी तासन्‌तास दाबून ठेवली की जळजळ सुरू होते, वारंवार जावंसं वाटतं, ओटीपोट दुखतं, कधी ताप येतो. सहल एका दिवसाची, औषध आठ दिवसांचं. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांचं तर विचारायलाच नको.

आणि आपला उन्हाळा काही साधा नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपा तर दूरच, एप्रिलमध्येच दुपारी रस्ते ओस पडतात. २०१६ पासून नागपूरनं उष्माघाताविरुद्धचा कृती आराखडाही केला आहे. अशा ठिकाणी तहान दाबून सहल करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

किती पाणी लागतं?

घामावाटे पाणी जातं आणि पाण्याबरोबर मीठही जातं. तहान लागते तेव्हा अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. म्हणून तहानेची वाट पाहायची नाही. उन्हात फिरत असाल तर दर वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण दोनशे मिलिलिटर पाणी प्यायचं. एकदम गडवाभर गटागटा प्यायचं नाही. पोट जड होतं, मळमळतं, आणि लगेच जावंही लागतं. थोडं थोडं पेलं तर अंग ते जास्त चांगलं वापरतं.

आता हिशेब करू. सहल आठ तासांची धरा. त्यातले चार तास उन्हात. तासाला तीन पेले म्हणजे सहाशे मिलिलिटर, चार तासांचे दोन लिटर चारशे. उरलेले चार तास गाडीत, सावलीत. तिथं तासाला पाव लिटर धरा, एक लिटर झालं. एकूण एका बाईला साडेतीन लिटरच्या आसपास. लहान मुलांना कमी लागतं, पण ती खेळात विसरतात. त्यांना आपण आठवण करून घोट घोट पाजायचं.

वॉटर पार्कमध्ये एक फसगत होते. दिवसभर पाण्यात असतो, अंग थंड असतं, घाम दिसत नाही. पण पाण्यात खेळतानाही घाम येतो, तो नुसता धुऊन जातो. आणि तळ्यातलं पाणी तोंडात जातं म्हणून तहान भागत नाही. त्या पाण्यात क्लोरीन असतं, शेकडो माणसांचं अंग धुतलेलं असतं. ते गिळायचं नाही. पोरांनाही हे आधीच सांगून ठेवा. दर तासाला त्यांना बाहेर काढा, सावलीत बसवा, पाणी पाजा, मग पुन्हा सोडा.

पुरेसं पाणी पोटात जातंय का, हे ओळखायची सोपी खूण लघवीचा रंग आहे. फिकट पिवळी असली तर ठीक. गर्द पिवळी, चहासारखी असली किंवा चार-पाच तासांत लघवीच झाली नसली, तर पाणी कमी पडतंय.

पैशाचा हिशेब

समजा गटाच्या पंचवीस बाया निघाल्या. प्रत्येकी साडेतीन लिटर म्हणजे नव्वद लिटरच्या आत-बाहेर. सगळं बाटलीबंद घेतलं आणि लिटरची बाटली वीस रुपयांना पडली, तर अठराशे रुपये. शिवाय दुपारी प्रत्येकीनं चाळीस रुपयांचं एक थंड पेय घेतलं तर हजार रुपये. झाले अठ्ठावीसशे. आणि आतल्या दुकानात बाटलीचा भाव याहून चढा असला तर आकडा आणखी फुगतो.

आता दुसऱ्या बाजूनं पाहू. वीस लिटरच्या पाच कॅन गाडीत ठेवल्या. एक कॅन चाळीस रुपये धरली तर दोनशे. निंबू, साखर, मीठ, दही मिळून तीनशे. झाले पाचशे. वाचले तेवीसशे. महिन्याला शंभर रुपये बचत टाकणाऱ्या बाईची ही तेवीस महिन्यांची बचत आहे. घरचंच गाळून, उकळून गार केलेलं पाणी नेलं तर कॅनचे दोनशेही वाचतात.

जायचं भाडंही यात धरा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. हिंगण्याहून जवळपासच्या ठिकाणी जायचं तर गाडी करायच्या आधी एसटीनं किती पडतं ते मांडून पाहा. फक्त एसटीनं जाताना कॅन नेता येत नाही. तेव्हा प्रत्येकीनं दोन लिटर सोबत घ्यायचं आणि उरलेलं तिथं भरायचं. दोन लिटर म्हणजे दोन किलो वजन. जिच्या कडेवर लेकरू आहे तिची बाटली दुसरीनं धरायची.

निघण्याआधी एक फोन

सहल ठरली की तिकिटाचा भाव विचारायला आपण फोन करतोच. त्याच फोनवर आणखी पाच प्रश्न विचारायचे. कागदावर लिहून घ्या.

पहिला, साध्या पाण्याची बाटली आत नेऊ देता का? बरीच ठिकाणं घरचं जेवण नेऊ देत नाहीत, पण पाण्याला हरकत घेत नाहीत. काचेची बाटली मात्र कुठेच चालत नाही, कारण उघड्या पायानं चालणारी माणसं असतात.

दुसरा, आत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत का, आणि कुठं आहेत? नळ असतील तर रिकामी बाटली नेली तरी काम होतं.

तिसरा, एकदा आत गेल्यावर गाडीपर्यंत येऊन परत जाता येतं का? काही ठिकाणी हातावर शिक्का मारून सोडतात. तसं असेल तर आपल्या कॅन आणि डबे गाडीत ठेवून दुपारी बाहेर येऊन जेवता येतं.

चौथा, लहान बाळाचं दूध-खाणं आणि आजारी माणसाची औषधं, सरबत नेता येतं का?

पाचवा आणि सगळ्यात मोठा, बायांसाठी संडास-मुतारी किती आहेत, आत पाणी असतं का, दाराला कडी आहे का? हा प्रश्न बिनधास्त विचारा. दहा गटांनी विचारला की अकराव्या गटासाठी कडी बसते.

उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. आमच्यातल्या एका गटाला फोनवर "पाणी चालतं" असं सांगितलं होतं आणि गेटवर बाटल्या बाजूला ठेवायला लावल्या. नाव लिहिलेलं होतं, म्हणून ताईंनी तिथंच फोन लावला आणि पाच मिनिटांत बाटल्या आत गेल्या. वाद घालावा लागला नाही, आवाज चढवावा लागला नाही.

कायदा काय सांगतो?

चित्रपटगृहांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं ३ जानेवारी २०२३ रोजी निकाल दिला. बाहेरचं खाणं आत आणू द्यायचं की नाही हे मालक ठरवू शकतो, पण पिण्याचं स्वच्छ पाणी मात्र फुकट मिळालं पाहिजे, आणि बाळाचं खाणं आईबापांना नेता आलं पाहिजे, असं त्यात आहे. तो निकाल चित्रपटगृहांचा आहे. पण आपण करमणूक उद्यानाच्या माणसाला नम्रपणे विचारू शकतो की, दादा, बाहेरचं पाणी बंद केलंत तर आतलं फुकटचं पाणी कुठं आहे ते दाखवा. हा प्रश्न वाजवी आहे.

दुसरी गोष्ट बाटलीच्या किमतीची. बाटलीवर 'कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित' असं छापलेलं असतं. दुकानातून, टपरीवरून, खिडकीवरून बाटली घेतली तर त्या छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही. थंड करायचे वेगळे पैसे, हेही चालत नाही. पण हॉटेलात टेबलावर बसलो, वेटरनं पाणी आणून दिलं, तर गोष्ट वेगळी. तिथं बसायची जागा, पंखा, सेवा हे सगळं धरून जास्त पैसे लावता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर २०१७ रोजी सांगितलं आहे. म्हणून बाटली हवी असेल तर टेबलावर बसून मागू नका, खिडकीवरून घ्या.

तिसरी गोष्ट. पूर्वी तीच बाटली बाहेर एका छापील किमतीला आणि आत दुसऱ्या, जास्त छापील किमतीला मिळायची. १ जानेवारी २०१८ पासून एकाच मालावर अशा दोन वेगवेगळ्या कमाल किमती छापायला नियमानं बंदी आहे. तुलना करायला एक आकडा लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये कर कमी झाल्यावर रेल्वेनं आपल्या 'रेल नीर'ची लिटरची बाटली पंधरावरून चौदा रुपयांवर आणली. चौदा रुपयांत एक लिटर पाणी बाटलीत भरून, फलाटावर आणून विकता येतं, हे त्यावरून कळतं.

कोणी जास्त पैसे घेतलेच तर भांडण करून दिवस नासवू नका. बिल मागा. बाटलीचा आणि छापील किमतीचा फोटो काढा. घरी आल्यावर १९१५ या क्रमांकावर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. आपल्या राज्याच्या वैधमापनशास्त्र विभागाकडेही तक्रार करता येते. वजनमापं तपासणारा तोच विभाग आहे.

बाटली घेताना झाकणाचं सील पाहा, तारीख पाहा, आणि चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक छापला आहे का ते पाहा. ऊन लागेल अशा जागी रचून ठेवलेल्या पेटीतली बाटली घेऊ नका.

घरून काय न्यायचं?

साधं पाणी पहिलं. जेवणात मीठ असतंच. चटणी, लोणचं, झुणका-भाकर खाणाऱ्या धडधाकट बाईला साध्या पाण्यानंच काम भागतं.

त्यासोबत आपल्या घरची पेयं आहेत. कैरीचं पन्हं आदल्या रात्री उकडून गूळ, मीठ, जिरं घालून घट्ट गर करून ठेवा. गर डब्यात न्यायचा, पाणी तिथं मिसळायचं. वजन वाचतं आणि पन्हं ताजं लागतं. निंबाच्या सरबताचंही तसंच. निंबाचा रस, साखर, मीठ यांचा घट्ट पाक बाटलीत, पाणी वेगळं. ताक पातळ करून, मीठ, जिरं, सांबार घालून सकाळी निघताना भरा आणि दुपारच्या जेवणापर्यंत संपवा. उन्हात ते लवकर आंबतं. ज्वारीची आंबील बऱ्याच म्हाताऱ्यांना आवडते, ती पोटालाही आधार देते. एक लक्षात ठेवा, आंबट पेय तांब्या-पितळेच्या भांड्यात नेऊ नका. स्टील किंवा चांगलं प्लास्टिक वापरा.

पाणी गार ठेवायला फ्रिज लागतोच असं नाही. माठ गार का राहतो? त्याच्या अंगातून पाणी झिरपून वाफ होतं आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. जुन्या लोकांची कापडी छागल याच रीतीनं पाणी गार करायची. तेच आपण करायचं. बाटलीला सुती फडकं गुंडाळा, फडकं ओलं ठेवा, वाऱ्याला धरा. कॅनवर ओलं पोतं टाका आणि गाडी सावलीत उभी करायला सांगा. ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांनी रात्री बाटली अर्धी भरून आडवी गोठवावी, सकाळी वर साधं पाणी भरावं.

शिदोरीत काकडी, टरबूज, संत्री असू द्या. त्यातही पाणीच आहे. चिवडा, फरसाण, फल्ली यांनी तहान वाढते, ते कमी न्या. आणि खिशात कांदा ठेवायची आपली जुनी पद्धत आहे. ठेवा, काही बिघडत नाही. पण कांद्याच्या भरवशावर पाणी सोडू नका.

थंड पेय आणि 'ओआरएस'चा घोळ

बाटलीतल्या कोला पेयात दर शंभर मिलिलिटरला साधारण दहा ग्रॅम साखर असते. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत चहाचे पाच चमचे साखर. मजा म्हणून एखादा घोट ठीक. पण तहान भागवायला ते कामाचं नाही, आणि ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी तर दूरच राहावं.

याहून मोठा घोळ कागदी डब्यातल्या पेयांचा. फळांची चित्रं, आणि नावात 'ओआरएस'. आपण समजायचो हे औषधच आहे. पण त्यात साखर खूप आणि क्षार कमी असायचे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं आदेश काढला की, जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात नसलेल्या पेयाच्या नावात 'ओआरएस' हे शब्द वापरता येणार नाहीत. तरी जुना माल कुठं दिसला तर ओळखता आला पाहिजे.

खरं ओआरएस म्हणजे पुडी. एका पुडीत साडेवीस ग्रॅम पावडर, एक लिटर पाण्यासाठी. आशाताईकडे, उपकेंद्रात ती फुकट मिळते. अर्धी पुडी अर्ध्या पाण्यात असं अंदाजानं करायचं नाही, पूर्ण पुडी पूर्ण लिटरमध्ये घालायची, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका.

या साध्या पाण्यानं किती जीव वाचले ते सांगतो. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांत कालवून आजाऱ्यांना पाजायला लावलं. नातेवाइकांनीच पेल्यानं पाजलं. शंभरात तीसच्या आसपास माणसं मरत होती, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. म्हणून जुलाब झाले, उलट्या झाल्या, घामानं पायात गोळे आले, तर ओआरएस. रोज मजा म्हणून मात्र नाही. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा आजार असलेल्या बाईनं पाणी आणि मीठ किती घ्यायचं हे आधी डॉक्टरांना विचारून यावं.

बर्फगोळा पाहिला की पोरं हट्ट धरतात. आपल्या राज्यात २०१८ पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळसर करायचा नियम आहे. निळसर बर्फ दिसला तर तो माल थंड ठेवायचा बर्फ आहे, पोटात घ्यायचा नाही. पांढरा असला तरी कोणत्या पाण्याचा आहे हे कळत नाही. शंका असेल तर बर्फ टाळा.

त्या दिवशी कसं वागायचं?

गटात अध्यक्ष असते, सचिव असते. सहलीच्या दिवशी एक पाणीवाली ताई नेमा. तिच्याकडे घड्याळ. दर वीस मिनिटांनी ती हाक मारेल, सगळ्यांनी घोट घ्यायचा. दोघी-दोघींच्या जोड्या करा. जोडीदारणीनं पाणी पेलं का, तिचा चेहरा कसा दिसतो, एवढं एकमेकींनी पाहायचं.

पोचल्या पोचल्या पहिलं काम पाळणा नाही. पहिलं काम म्हणजे पिण्याचं पाणी आणि बायांची मुतारी कुठं आहे ते सगळ्यांना दाखवणं. जागा माहीत असली की बाई पाणी प्यायला घाबरत नाही. जाताना दोघींनी मिळून जायचं, एक दाराशी उभी राहील. सोबत साबणाचा तुकडा, पाण्याचा एक लहान डबा, पाळीचे कपडे किंवा पॅड आणि ते गुंडाळायला जुना पेपर ठेवा. गाडी दर दोन तासांनी थांबवायची हे ड्रायव्हरदादाला भाडं ठरवतानाच सांगा, म्हणजे कोणाला एकटीला "थांबवा" म्हणावं लागत नाही. डिझेल भरतो त्या पंपावर थांबलं तर तिथलीच सोय विचारा.

बारा ते तीन या वेळात उघड्यावरचे खेळ नकोत. सावलीत बसा, जेवा, गाणी म्हणा. डोक्याला दुपट्टा, अंगात सैल सुती कपडे.

आणि काही खुणा लक्षात ठेवा. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायात गोळे, खूप थकवा. अशी बाई दिसली की तिला सावलीत झोपवा, पाय थोडे उंच करा, कपडे सैल करा, घोट घोट ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी द्या. पण ती बरळायला लागली, ओळख पटेना, अंग तव्यासारखं तापलं, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. क्षणही न घालवता १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवा, वारा घाला. बेशुद्ध बाईच्या तोंडात पाणी ओतू नका, ते छातीत जातं.

मैत्रिणींनो, आपल्या नागपुरात दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात तेव्हा ठिकठिकाणी संस्था, मंडळं, घरंदारं पाणी घेऊन उभी राहतात. कोणाला तहानलेलं जाऊ देत नाहीत. पाणपोई बसवणारी ही आपली माणसं आहेत. तिकीट काढून जायच्या जागी तशी पाणपोई नसेल, तर आपली पाणपोई आपण सोबत न्यायची.

तर पुढच्या मासिक सभेत एवढं करा. सहलीच्या खर्चाच्या कागदावर गाडी, तिकीट, जेवण यांच्या खाली चौथी ओळ लिहा, 'पाणी आणि मुतारी'. फोन कोण करणार, पाणीवाली ताई कोण, कॅन कोण आणणार, पन्ह्याचा गर कोण करणार, ही नावं त्यासमोर लिहा. आशाताईकडून पुड्या आणायचं काम एकीला द्या. आणि सहल करून आलात की पाण्यावर किती खर्च झाला, किती वाचले, गेटवर काय झालं, हे आम्हाला कळवा. तुमचा हिशेब आम्ही दुसऱ्या गटांना ऐकवू.

भरपूर खेळा, भरपूर हसा, आणि हो, तहान लागायच्या आधी प्या. नमस्कार.